बरं आहे खरं

रात्री साडेनऊनंतर दवाखाना माझ्या खिशात येतो.
खानापूरच्या स्टेशन रोडवरचं शटर खाली,
कंपाउंडर परशराम बिडीच्या शेवटच्या बसला,
आणि फोन उशीजवळ उताणा, थरथरत.

गोळी जेवायच्या आधी की मागनं?
एका अंगठ्याचा फोटो, इतका जवळून
की नखाचा डोंगर झालेला.
नुसते आकडे: १८६. १९०. २१४.
ना नाव, ना नमस्कार.
आकड्यांवरून ओळखते मी नंदगडच्या सुशीलाबाईंना,
आणि २१४ वरून कळतं,
परवा त्यांच्या शेजारी कुणाचं तरी बारसं झालं.

देसाई मास्तर फोनवरही पत्रच लिहितात.
स. न. वि. वि., मग भाताची रोपं,
मग नातीचे गणितातले मार्क,
मग कळावे, लोभ असावा.
त्याखाली ता. क. :
लघवीतून रक्त गेले. दोनदा.
मास्तरांना मी खालून वर वाचते.

मल्लव्वा लिहीत नाही, बोलते.
चार मिनिटं कन्नड, मध्येच वासराला दटावणं,
एकदा हुंदका, की खोकला, ठरवता येत नाही.
खाली नातवाने मराठीत सारांश दिलेला असतो :
पोट.

पुण्याहून ऋजुता आली होती सहा महिने, हाताखाली.
हुशार मुलगी. रात्रीचा फोन तिच्याकडे दिला.
आमट्याच्या लुमाण्णाचा मेसेज आला,
*आता बरं आहे खरं*
आणि तिने अंगठा पाठवून दिला, वर केलेला.
म्हणाली, खरंच बरं आहे म्हणतायत, मॅडम.

तिला कसं सांगू,
इकडे खरं म्हणजे खरं नव्हे.
खरं म्हणजे पण.
जेवलो खरं भूक नव्हती.
झोपलो खरं झोप नाही लागली.
खरं आलं की माणूस थोडा थांबतो,
उंबऱ्यावर चप्पल काढल्यासारखा,
आणि मग दुखणं आत येतं.
लुमाण्णाचं वाक्य अजून बाहेरच उभं होतं.

लिहिलं मी, खरं काय?
एकच टिक. करडी.
आमट्याला रेंज नाही.
वळणावरच्या फणसाखाली यावं लागतं त्याला,
तिथून एकदम सुटतात दोन दिवसांचे मेसेज :
ताप आहे. ताप लई आहे. ताप उतरला.
आजार आणि गुण एकाच मिनिटाला पोचतात माझ्याकडे,
मी करायचं काहीच उरत नाही.
या वेळी मात्र खरं आलं होतं एकटंच.

सकाळीही तीच करडी टिक.
ओपीडी ऋजुताकडे सोपवून गाडी काढली,
जांबोटी मागे टाकली,
वाटेत तीन वेळा स्वतःला म्हटलं,
शब्दामागे कुणी वीस-पंचवीस किलोमीटर जातं का.

लुमाण्णा अंगणात बांबू तासत होता.
ताप नव्हता. छाती स्वच्छ.
मला बघून कोयता खाली ठेवला, ओशाळला :
बरं आहे म्हणून कळवलो की.
खरं तुमचे तीनशे द्यायचे राहिलेत,
ते लिवायला बोट उचललं नाही बगा.

हसले मी. चिडलेही थोडी, डिझेलसाठी.
चहा आला.
कपबशी आणणारीने ती ठेवताना
डाव्या हाताने उजवं मनगट धरलं होतं.
तिच्या नावाचा एकही मेसेज नाही माझ्याकडे,
अकरा वर्षांत एकही आकडा नाही,
फोन लुमाण्णाच्या खिशात असतो.
मी सहज विचारावं तसं विचारलं, तुम्ही कशा आहात?

मला काय झालंय, म्हणाली ती, पदर सारखा करत.
बरं आहे खरं

मी कप खाली ठेवला.
आणि थांबले.