आळीच्या तोंडाशी

तेल लावून येऊ नका, असं चिठ्ठीवर लिहिलेलं असतं.
वडनेरे लावून आले.
डोकं दोनदा धुतलं, तरी माझी पेन्सिल घसरते.
टेप धरतो, नाकाच्या मुळापासून मागच्या उंचवट्यापर्यंत:
छत्तीस सेंटिमीटर.
दहा टक्क्यांवर खूण, मग वीस, मग वीस,
खुणेवर पेस्ट, पेस्टवर वाटी.
एकवीस वायरी.
"डोक्याचा हंडा करताय की काय माझ्या?"
हंडाच, काका. आत हात घालता येत नाही,
बाहेरून वाजवून बघायचा.

चाळीस वर्षं तांबट आळीत हातोडा.
आता मध्येच हात वर राहतो.
अर्धं मिनिट
घाव खाली येत नाही.
सून सांगते, तेव्हा ते कुठे जातात कळत नाही,
डोळे तर उघडेच असतात.

डोळे मिटा.
मागच्या दोन वाहिन्यांत लाटा उठतात,
सेकंदाला नऊ, संथ.
उघडा.
मोडल्या.
माझं यंत्र वेळेचं पक्कं आहे,
कधी ते सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत सांगेल.
कुठे ते विचारू नका.
कवटीवर कान ठेवणं म्हणजे
भद्रकालीच्या बाजूने आळीच्या तोंडाशी उभं राहणं:
ठोका येतो, घर दिसत नाही,
आणि एकच हातोडा दोन्ही कानांत पडला
की वाटतं, आत जुगलबंदी चाललीय.

तिसऱ्या मजल्यावर शिरीन तांबोळी संशोधन करते.
तिला जोड हवेत: डोक्यातलं कोण कोणाशी बोलतं.
एक नकाशा माझ्या लाटांचा,
एक तळघरातल्या चुंबकाचा.
चुंबक पत्ता देतो, थेट भट्टीपर्यंत,
पण उशिरा.
काम होऊन जातं, मग पाच-सहा सेकंदांनी
रक्ताची गर्दी पोचते,
पंगत उठल्यावर आलेल्या पाहुण्यांसारखी.

अंगठी काढा. कडं काढा.
"तांब्याला चुंबक धरत नाही, साहेब."
माहितीय. तरी काढा.
आधी डोळ्यांचा एक्स-रे:
छिन्नीचा एखादा कण बुबुळामागे राहिला असेल
तर आत गेल्यावर तो जागा बदलेल.
नव्हता.
पाऊण तास बोगद्यात, कानात बोळे.
बाहेर आले ते हसत:
"आत शिकाऊ बसवलाय कुणीतरी.
जोर आहे, पण हात बसलेला नाही."

संध्याकाळी शिरीनने दोन्ही नकाशे शेजारी लावले.
निम्मेही जुळत नव्हते.
माझ्याकडे डाव्या कानशिलापासून कपाळापर्यंत जाड रेघ;
तिच्याकडे तिथे कोरं,
आणि दोन्हीकडून बारीक धागे खोल उतरलेले
एका वाटाण्याएवढ्या ठिपक्यात,
ज्याचा आवाज माझ्या वायरींना पोचतच नाही.
माझी रेघ खोटी की तिची जागा कोरी,
यावर आमचा चहा गार झाला.

रिपोर्टसाठी थांबलेले वडनेरे मागे कधी येऊन उभे राहिले, कळलं नाही.
"ह्या दोघांत बोलणं नाही," म्हणाले.
"मी नि समोरचा निजामपूरकर, सतरा वर्षं अबोला.
ठोके मात्र जोडीने पडायचे.
दोघांचं लक्ष मागच्या पत्र्याखाली,
एकनाथकाकांच्या मनगटाकडे.
काका गेले त्या आठवड्यात
दोघांचेही हंडे वाकडे."

शिरीनने ते कागदाच्या मागच्या बाजूला लिहून घेतलं.
एका माणसाने काही सिद्ध होत नाही, असंही म्हणाली;
अजून एकोणतीस डोकी हवीत.

जाताना त्यांनी मलाच विचारलं,
"हात वर राहतो, तेव्हा आत काय थांबतं?"
मी सकाळची पट्टी मागे नेली.
अकरा बेचाळीस. टोकदार शिखरं, दाटीवाटीने,
वाहिनीमागून वाहिनी.
थांबत नाही काही, काका.
सगळे एकदम ठोकायला लागतात.
त्यांनी बराच वेळ पाहिलं.
"मग पत्रा फाटणारच," म्हणाले.
सुनेने ओढणीच्या टोकाने
त्यांच्या कानामागची वाळलेली पेस्ट खरवडली,
आणि लिफ्ट बंद होती म्हणून
ते दोघं जिन्याने उतरले,
एकेक पायरी, बरोबरीने.