लाली मोजायची नाही

येरवड्याच्या सभागृहात दोन दिवस
आम्ही सदतीस डॉक्टर, बहुतेक पन्नाशी ओलांडलेले,
बाकांत गुडघे मावत नव्हते.
खांबेटे मॅडम म्हणाल्या, बाही वर करा.
सलाइनचा एक थेंब, सुई जवळजवळ आडवी,
कातडीच्या वरच्या थरातच, खोल नाही,
मसुरीएवढा फुगा उठला पाहिजे.
माझ्या सुईने कोंढव्याच्या इनामदारांचं रक्त काढलं.
एकतीस वर्षं दंडात इंजेक्शनं ठोकणारा हात,
त्याला वरवर राहणं जमेना.

मग मोजायला शिकवलं.
लाली मोजायची नाही, लाली फसवते.
डोळे मिटा, बोट फिरवा,
कातडीखाली कडक काय लागतं ते बघा,
हाताला आडवं, काठापासून काठापर्यंत,
बॉलपेनच्या दोन रेघा.
दहा किंवा जास्त, म्हणजे जंतू आत आहे.
आत आहे आणि झोपला आहे.
माणूस आजारी नाही.
हे वाक्य मी वहीत उतरवलं
आणि उतरवताना पहिल्यांदा ऐकलं.

दुपारी नाटक. एकाने डॉक्टर व्हायचं,
एकाने धडधाकट माणूस,
आणि त्याला गोळ्यांना राजी करायचं.
कुणी म्हणालं, राखेखालचा विस्तव.
कुणी म्हणालं, माळ्यावर लपलेला चोर.
मागच्या बाकावरून ग्रेस रणपिसे सिस्टर बोलल्या,
घाबरवलेला माणूस दोन आठवडे येतो, सर.
तिसऱ्याला भीती संपते, गोळ्या उरतात.
मॅडमनी ते फळ्यावर लिहिलं नाही.
मी लिहून घेतलं.

प्रमाणपत्र मिळालं, एक पारदर्शक पट्टी मिळाली.
पुलाव बरा होता.

काशेवाडीत माझा दवाखाना, शेजारी भंगारवाला.
महमूद बागवानांना मी तीन वेळा
खोकल्याचं औषध दिलं होतं.
तीन वेळा. केसपेपरवर माझंच अक्षर.
चौथ्या वेळी ते महापालिकेच्या दवाखान्यात गेले,
थुंकी तपासून आले.
रागावले नाहीत. पत्ता सांगावा
तसा रिपोर्ट सांगितला.

आता त्यांचा धाकटा, अरशद, माझ्यासमोर.
एकोणीस वर्षांचा, मार्केट यार्डात कांद्याच्या गोणी उतरवतो.
खोकला नाही, ताप नाही, रात्रीचा घाम नाही,
वजन उलट वाढलेलं, एक्स-रे स्वच्छ.
मी डोळे मिटले. बोट फिरवलं.
चौदा.

मला काय झालंय?
काही नाही.
मग गोळ्या कशाला?

विस्तव आठवला. चोर आठवला.
म्हणालो, तुझ्या अब्बूंचा खोकला मी तीनदा ऐकला
आणि ओळखला नाही.
त्यातलं थोडं तुझ्यात आलंय. आत्ता झोपलंय.
बारा आठवडे, आठवड्यातून एकदा.
तो बराच वेळ पट्टीकडे बघत राहिला.
शनिवारी यार्ड बंद असतं, म्हणाला, शनिवारी येतो.

पहिल्याच शनिवारी रात्री फोन, लघवी केशरी झाली.
सांगायचं राहून गेलं होतं.
वहीत होतं, बाविसाव्या पानावर.
पाचव्या शनिवारी आलाच नाही.
शटर अर्धं ओढून मी नऊपर्यंत बसलो,
भंगारवाल्याने दोनदा विचारलं, काय हरवलंय?
रविवारी सकाळी आला, हाताला मेंदी,
सासवडला बहिणीकडे लग्न होतं म्हणे.

सातव्या शनिवारी तीन गोळ्या गिळून,
ग्लास उपडा ठेवत तो म्हणाला,
डॉक्टर, अब्बू तुमच्याही तोंडावरच खोकलेत ना?
तुमचं मोजलं?

मी पट्टी उचलली. खाली ठेवली.
तो टेबलावर कोपर टेकून बसून राहिला,
घाई नव्हती त्याला, यार्ड बंद होतं.
मी बाहीचं बटण काढायला लागलो.