रकाना

डुलुथमध्ये मार्च म्हणजे अजून फावड्याचेच दिवस.
तळघरात आर्विड यादी पसरून बसलाय:
शॉर्टस्टॉप, वय, होमरन, चोरलेले बेस,
आणि लाल शाईत घोटा, मनगट, खांदा.

"हा बाविशीतला घे," मेहुणा म्हणतो, "पळतो बघ कसा."
आर्विड पेन्सिल चावतो.

उजवीकडे झेपावून, गुडघ्यावरूनच
पहिल्या बेसकडे भिरकावलेला चेंडू
त्याला या खेळात गुण नाहीत.
रकानाच नाही.

एकोणसत्तर साली शाळेच्या ओल्या मैदानावर
त्यानं असा एक अडवला होता.
बॅट मात्र कधी चाललीच नाही.

नवव्या फेरीत तो चौतिशीतलं एक नाव घेतो.
"अरे, सरासरी दोनशे एकवीस!"
"माहितीये," म्हणतो,
आणि चिप्सचा वाडगा मेहुण्याकडे सरकवतो.