शेपूट

इरबत्तींचा ट्रेलर मीच बांधला,
जमिनीपासून जेमतेम दीड वीत.
ते म्हणाले होते, ठेंगणाच ठेव बे,
भरायला आम्ही दोघंच, दोघंही साठीच्या पुढचे,
सुताचा बीम उचलायचा नाही, नुसता लोटायचा.

पण घोंगडे वस्तीत काय, विडी घरकुलात काय,
प्रत्येक शेडच्या तोंडाशी गटार,
गटारीवर फरशी, फरशीनंतर चढ.
पुढचा टेंपो चढला की ट्रेलरचं नाक आभाळाकडं
आणि शेपूट खाली,
खर्रर्र.

दारोदार काँक्रीटवर पांढरे ओरखडे.
कुणाकडं सूत जास्त उतरतं
ते उन्हात लांबूनही वाचता यायचं.

फळ्या टाकून बघितल्या. एक फळी
त्याच रात्री कुणाच्या तरी चुलीत गेली.
तिरकं घ्या म्हणलं,
तर चिलवेरींच्या गटारीचं झाकण फुटलं,
भरपाई, वर दोन शिव्या तेलुगूत.
मग जोडाची पट्टी दोन भोकं खाली घेतली.
नाक झुकलं, शेपूट उचललं,
तरी बोटभर कमीच पडत होतं.

शेवटी भंगारात बसलेल्या एका मागाची
दोन बेअरिंगं काढली,
लोखंडी चाकं कातून मागच्या कडेला खाली जोडली.
घासण्यापेक्षा फिरू दे.
आयुष्यभर त्या बेअरिंगांनी एकाच जागी फेऱ्या मारल्या,
आता गाव बघतील, असं मनात आलं
आणि वेल्डिंगचा चष्मा खाली ओढला.

आठ दिवसांनी इरबत्ती आले.
चाकं झकास आहेत, म्हणाले.
खिशातून पैसे काढले, मोजले, पुन्हा मोजले.
मग म्हणाले, अंबूबाई दार उघडंना.

कोण अंबूबाई?

भद्रावती पेठेतल्या शेडवर, कांड्या भरतात.
मागांच्या खडखडाटात हॉर्न ऐकू जात नाही त्यांना,
पण ते खरडणं पायातून कळायचं.
मी उतरायच्या आत फाटक सताड,
हातात पाण्याचा तांब्या.
परवा अर्धा तास उन्हात उभा होतो.

मी म्हणलं, बेल बसवा की.
ते काहीच बोलले नाहीत.
वाकून चाकांकडं बघत राहिले,
बोटानं एक फिरवलं.

एवढ्या एका दाराला
वर उचलून ठेवता येतील का रे?

बिजागरी लागेल, म्हणलं.
एक खिट्टी.
उद्या या.