श्रीखंडाच्या डब्यात बंपर

दांडिया बाजारातल्या आमच्या गच्चीवर
वैशाखातल्या चार वाजता
श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात
मी गाडीचा पुढचा बंपर बुडवला,
करंगळीएवढा.
मग मागचा. चार चाकांच्या तबकड्या,
समोरची जाळी, दोन मुठी, सायलेन्सर,
आणि आरसा,
ज्यात कुणालाच कधी काही दिसणार नव्हतं.

"आंघोळ?" चार्वीनं विचारलं.
"उलटी आंघोळ," मी म्हटलं,
"ह्यात सोनं नाही, चांदी जाते."

ब्लीच साधंच, मोरी धुवायचं.
आधी काही होत नाही. आपण उगीच वाकून बघतो.
मग कडेनं बारीक बुडबुडे,
ताकावर येतं तसं करडं पाणी,
आणि लखलखाट
कुठे गेला ते न सांगता जातो.

खाली पिवळट लॅकर निघतं.
ते ब्लीचला दाद देत नाही.
आधी भरपूर पाण्यानं खळाळायचं,
नंतर स्पिरिट, जुना टूथब्रश,
आणि दुपारभर दुसरं काही काम नसणं.
त्याच्याखाली साधं राखाडी प्लास्टिक,
त्यावर साच्याच्या दोन अर्धांची शिवण.
ती चमकीतूनही दिसत होतीच,
पण चमक असेतो तिला हात लावता येत नव्हता.

बाबा जिना चढून आले. थांबत, कठडा धरत.
मकरपुऱ्यात रमणीकशेठच्या कारखान्यात
त्यांनी एकतीस वर्षं क्रोम चढवलं:
नळ, सायकलींची हँडलं, स्कूटरचे बंपर,
केशरी हौदात उतरवून, वर काढून, मोजून.
हौदाच्या वाफेनं नाकातला पडदा खाल्ला.
डॉक्टरनं बॅटरी धरली तर उजेड
दुसऱ्या नाकपुडीतून बाहेर आला.
हे ते लग्नकार्यात हसून सांगत.
घरी मात्र दर श्रीखंडाला आईला विचारत,
"वेलची घातलीस ना?"
आणि ती नसली तरी हो म्हणे.

गाळणीतली एक तबकडी त्यांनी उचलली,
अंगठ्यानं चोळली.
"हे क्रोम नव्हतंच. अ‍ॅल्युमिनियमची वाफ धरलेली."
मग शिवणीवर नख फिरवून,
"आणि हे आधी न घासता चढवलं.
आम्ही असा माल दिला असता
तर शेठनं परत डोक्यावर घातला असता."

डब्यावर वाकले.
"वास आहे का रे ह्याला?"
"आहे. डोळे चुरचुरतात."
"मग पोरीला तिकडे बसव."
तिकडे म्हणजे कुठे, ते त्यांनी
दोरीवरच्या धोतराकडे बघून ठरवलं,
वारा कुठून येतोय ते पाहून.

पेपरवर सगळं वाळत घातलं.
त्यांनी पाळी सुटताना मोजायचे तसं
बोट न टेकवता मोजलं.
"दहा. तू अकरा टाकले होतेस."

"हातमोजे," मी म्हणेपर्यंत
हात डब्यात गेला होता, मनगटापर्यंत.
त्यांनी आरसा वर काढला,
निथळू दिला,
आणि उन्हात तिरका धरून पाहिला,
एकदा ह्या बाजूनं, एकदा त्या,
कुठे सुटलंय का ते.