अकरा मार्क

यादी लागली तेव्हा आम्ही एकाच सायकलवर गेलो होतो,
शिवाजीनगरला. सायकल ऋजुताची, मी डबलसीट.
तिचं नाव नव्हतं.
माझं होतं, पुढे कंसात दोन अक्षरं.
तिचे मार्क माझ्याहून अकराने जास्त.
परत येताना संचेतीच्या चौकात, सिग्नलला,
मागे वळून न बघता ती म्हणाली,
तुमचं बरं असतं.

तुमचं.
सकाळी घरातून निघताना आम्ही 'आपण' होतो.

ते अकरा मार्क तेव्हापासून माझ्याकडे आहेत.
झोप लागत नाही त्या रात्री हिशेब मांडते.
तीन गेले असतील ताडीवाला रोडच्या नळावर,
पाणी पहाटे साडेतीनला, तेही करंगळीएवढं.
आठवीला आमच्या शाळेत गणिताच्या बाईच नव्हत्या,
चित्रकलेचे सर त्या तासाला भुतांच्या गोष्टी सांगायचे.
छान सांगायचे.
त्यांचे किती धरू?
दोन तरी माझेच, रसायनच्या आदल्या रात्री
शेजारच्यांकडे मॅच बघत बसले होते.
आणि टिळक रोडच्या क्लासच्या वह्या
ऋजुता मला शनिवारी द्यायची, सोमवारी परत,
म्हणजे माझ्या मार्कांत तिचे आहेतच काही.
ते कुठल्या बाजूला लिहू?

कधी बेरीज नऊ येते, कधी चौदा.

तिचे आजोबा तिला गणित शिकवायचे.
मी वही न्यायला गेले की म्हणायचे, बस ना.
बसायचे. पाणी मिळायचं, स्टीलच्या पेल्यात.
नंतर तो पेला विसळून
खिडकीच्या कट्ट्यावर उपडा, एकटा.
तेव्हा मला ते दिसलं नव्हतं.
आत्ता हे लिहिताना दिसलं.

तिच्या बाबांनी भोरकडचा प्लॉट विकला,
दुसऱ्या कॉलेजात पैसे भरले.
त्या यादीत कुणाच्याच नावापुढे कंस नव्हता.

पहिल्या दिवशी वर्गात सरांनी विचारलं, पूर्ण नाव?
विशाखा भालशंकर.
अच्छा, म्हणाले.
त्या 'अच्छा'नंतर चार वर्षं मी शेवटून दुसऱ्या बाकावर बसले
आणि पहिल्या दहांत पास झाले.
हे कुणी विचारत नाही, म्हणून सांगून ठेवते.

आता हडपसरला आठव्या मजल्यावर राहते.
तिष्याला दोन शिकवण्या, शनिवारी पोहणं,
चौऱ्याण्णव टक्के.
फॉर्म भरताना एका रकान्यावर तिचं पेन थांबलं.
आई, आपण मागास आहोत?
मी म्हटलं, नाही.
मग म्हटलं, थांब.
मग गॅसवर दूध होतं.

भांड्यांना येते ती यल्लव्वा, वैदूवाडीतून.
तिची नात भागी दहावीला एक्क्याऐंशी टक्के.
कचेरीत म्हणतात, एकसष्ट सालाआधीचा पुरावा आणा,
कुठल्या गावचे तुम्ही, कुठल्या शाळेचा दाखला.
यल्लव्वा हसते. एकसष्टला आमी गाढवावर व्हतो ताई,
गाढवाला इचारा.
मी रजा टाकून तिच्यासोबत दोनदा रांगेत उभी राहिले.
दोन्ही वेळा साहेब मीटिंगला.
रकाना भागीसाठी आहे, माझ्या मुलीआधी,
हे मला कळतं.
पण भागीला तो उघडत नाही
आणि तिष्याचं आडनाव ऐकून
परवाच तिच्या मैत्रिणीची आई म्हणाली, अच्छा.
तोच सूर. सव्वीस वर्षांनी.

फॉर्म टेबलावर आहे, शुक्रवार शेवटची तारीख.
लाजून सोडून द्यायचा की लाज सोडून भरायचा,
तिष्या म्हणते तू सांग,
मी म्हणते तुझं तू ठरव,
आणि दोघी तिथून उठून जातो.

काल रात्री मात्र एक केलं.
हा पेल्याचा भाग लिहून झाला आणि मी उठले,
स्वयंपाकघरातला दिवा लावला.
यल्लव्वाचा चहाचा कप ओट्याच्या टोकाला होता,
उपडा, एकटा.
कुणी ठेवला तिथे? कधीपासून?
मी तो आमच्या कपांत मिसळून टाकला.

सकाळी तिने येऊन
बरोबर तोच हुडकून काढला.