एकशे अठ्ठेचाळीस

नोव्हेंबर. शेल्डे नदीच्या काठावर अजून उजाडायचं आहे.
रात्रपाळी संपवून मी जलद्वाराच्या चाव्या
वाउटच्या हातात ठेवते,
चष्मा पुसते, सायकलवर टांग मारते.
हँडलवरच्या चिमुकल्या पडद्यावर
आकडा हलायला लागतो: नव्वद, एकशे दहा,
एकशे अठ्ठेचाळीस.
बस. इथेच.

मार्चपर्यंत मला एवढंच करायचं आहे.
शेजारच्या ग्रीटचा मुलगा टीबो,
फिजिओथेरपीच्या तिसऱ्या वर्षाला, दाढी अजून धड फुटलेली नाही,
मला म्हणाला,
"रेनहिल्डे, आधी पाया. पाया म्हणजे कंटाळा.
चालवताना बोलता आलं पाहिजे, पूर्ण वाक्यांत."
मी म्हटलं, कोणाशी?

म्हणून मी मालबोटींची नावं घेते,
एकवीस वर्षं माझ्या हौदातून चढत-उतरत आलेल्यांची.
'दोन भाऊ', 'धीर', 'आना-मारिया',
रेती वाहणारी 'आशा', जिचा मालक कायम कोणावर तरी चिडलेला.
धाप न लागता,
एकही स्वल्पविराम न गाळता.

पहिल्या आठवड्यात गुडघ्याला बाशिंग बांधून निघाले होते.
शाळेच्या पोरांचा घोळका खिदळत पुढे गेला
आणि माझं डोकं फिरलं.
दोनशे ऐंशी. तीनशे दहा.
पुलापर्यंत त्यांना गाठलं, आणि पुलावरच ओकले.
संध्याकाळी टीबोनं आलेख पाहिला,
सपाट माळावरचा तो एकच सुळका,
आणि काही बोलला नाही. मोठ्या डॉक्टरासारखा.

तेव्हापासून सगळे माझ्या पुढे जातात.
बॅटरीच्या सायकलवर भाजीच्या जुड्या लादलेले ओडिलॉन आजोबा,
दर मंगळवारी, टोपी उचलून.
एकदा तर एक हंस गेला, पाण्यातून, मान ताठ.
मी आकड्याला धरून असते.
वारा समोरून आला की वेग पडतो,
आकडा पडू द्यायचा नाही.
वारा पाठीशी आला की वेग फुगतो,
आकडा फुगू द्यायचा नाही.
वेग ही वाऱ्याची मर्जी. वॅट तेवढे माझे.

खरं तर हे मला कोणी शिकवायला नको होतं.
माझं पोट ह्यावरच चालतं.
दार लावायचं, झडपा थोड्या उघडायच्या, वाट बघायची.
हजार टनांची बोट वर येते,
तिला कोणी उचलत नाही.
नवखे खलाशी शेवाळलेल्या भिंतीकडे बघत म्हणतात,
काहीच होत नाहीये.
मग कधीतरी भिंत संपते
आणि समोर गाव असतं, चर्चचं घड्याळ,
कोणाच्या तरी दोरीवर वाळणारे टॉवेल.
झडप घाईनं उघडली तर दोर तुटतात.
एकदा तुटला होता.
वाउटच्या कपाळावरचा व्रण त्या दिवसाचा.

डिसेंबरात काही नाही.
जानेवारीत बर्फ. तळघरात, स्टँडवर,
धुण्याच्या मशीनसमोर दीड-दीड तास.
तेही जागच्या जागी फिरत होतं,
पण त्यातून निदान चादरी तरी स्वच्छ निघायच्या.

फेब्रुवारीतला एक गुरुवार.
नाडी एकशे सव्वीस, रोजचीच.
पडद्यावर एकशे त्रेसष्ट.
मी थांबले. यंत्र पुन्हा शून्यावर आणलं,
पुन्हा निघाले.
एकशे त्रेसष्ट.
सांगणार कोणाला? ओडिलॉन आजोबांना गाठून सांगितलं,
एकशे त्रेसष्ट झाले!
ते म्हणाले, काय, युरो?

रविवारी कोपेनबर्गच्या पायथ्याशी आले.
ओल्या दगडांचा तो चढ,
दोनदा जिथे पाय टेकलाय,
तिसऱ्यांदा अख्खी मी.
मांड्या म्हणाल्या, वळ.
टीबोनं लिहून दिलेल्या कागदावर अजून पाच आठवडे होते.
मी सरळ गेले.
'दोन भाऊ', म्हटलं, 'धीर', 'आना-मारिया',
'आशा',
आणि श्वास उरला होता म्हणून
खलाशांचीही नावं घेतली,
त्यांच्या कुत्र्यांचीसुद्धा.